जिन्यात बोललेलं धरत नाहीत

त्या उन्हाळ्यात थोरल्या भावाला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढं साधलं, तर अख्खा नवा एसी त्याच्या पदरात फुकट पडणार होता: मशीन, ते गच्चीवर चढवायचा खर्च, जुनं खाली उतरवायची मजुरी, सगळं धाकट्याच्या खिशातून. जन्मात एवढी कमाई त्याने तोंड उघडून कधी केली नव्हती. ती तोंड मिटून होतेय म्हटल्यावर तो वाटेल तेवढं उकडून घ्यायला तयार होता. अडचण एवढीच होती की धाकट्यालाही गप्प बसून नेमकं तेवढंच मिळणार होतं, आणि गप्प बसण्यात धाकटा काही लेचापेचा नव्हता.

ही व्यवस्था त्यांच्या वडिलांची. ते एका कारखान्याच्या भांडारात मुख्य होते आणि नवा स्क्रू मागायला आलेल्या माणसाला आधी जुना दाखव म्हणायचे. त्यांनी दोन मजल्यांचं घर बांधलं, खाली थोरल्याला दिलं, वर धाकट्याला, आणि गच्चीवर दोघांत मिळून एकच मोठा एसी बसवला. तिथून पत्र्याचे चौकोनी डक्ट छताच्या कडेने दोन्ही मजल्यांवर फिरत होते, आणि चालू-बंद करायचं बटण खालच्या हॉलमध्ये होतं. मुलं एकमेकांच्या जिवावर उड्या मारतील हे ओळखून त्यांनी जाण्यापूर्वी दोघांना समोर बसवलं. एसी बिघडला तर दुरुस्ती निम्मी-निम्मी. नवीन घ्यायचा झाला, तर जो आधी तोंडाने तसं म्हणेल त्याने सगळे पैसे भरायचे. मोडलेलं नीट करणं ही गरज, चालतंय ते टाकणं ही हौस, आणि आपल्या हौसेत दुसऱ्याला ओढायचं नाही. पोरांनी उधळपट्टी करू नये म्हणून केलेला हा बंदोबस्त. तो इतका पक्का निघाला की दुरुस्तीपायी ओतलेल्या पैशांत एव्हाना नवीन एसी येऊन वर थोडे उरलेही असते.

दरवर्षी काहीतरी जायचं. कधी मोटर, कधी कॉम्प्रेसर, कधी आतली तांब्याची नळी. गॅस तर दर उन्हाळ्यात भरावा लागायचा. मूळच्या एसीचं आता बाहेरचं पत्र्याचं खोकं तेवढं शिल्लक होतं आणि तेही एका बाजूने गंजून जाळीदार झालं होतं. तरी बाबांनी बसवलेला म्हणून दोघे भाऊ त्याच्याकडे बघताना गळा दाटल्यासारखं करायचे. भावना नव्हती असं नाही, पण ती मेकॅनिक आला की नेमकी उफाळून यायची.

मेकॅनिकला हा नियम तोंडपाठ होता. तो गच्चीवर जायचा, खोक्याला कान लावायचा, दोन स्क्रू पिळायचा आणि खाली येऊन हात पुसत म्हणायचा की अजून एक उन्हाळा सहज निघेल. गेली कित्येक वर्षं तो एकेक करून उन्हाळे काढून देत होता. त्याच्या मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये आपल्या एसीचा मोठा वाटा आहे, असं थोरल्याची बायको, म्हणजे घरातली मोठी जाऊ, म्हणायची, आणि ती हे अभिमानाने म्हणते की रागाने, ते कळू द्यायची नाही.

आता या सगळ्यात धाकटीचं काय अडलं होतं, ते सांगायला हवं, कारण खरं अडलं होतं ते तिचंच.

धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, शाळेत भाषा शिकवायची. शाळा बंद पडली आणि ती दोन वर्षं घरी बसली. तिचा आवाज चांगला होता. चांगला म्हणजे, ती भाजीवाल्याला भाव विचारायची तेव्हा शेजारचं गिऱ्हाईकही थांबून ऐकायचं. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका कंपनीने तिला एका लांबलचक कादंबरीची पहिली तीन प्रकरणं चाचणीसाठी दिली. कादंबरीचे पाच खंड होते. महिनाअखेरपर्यंत तीन प्रकरणं स्वच्छ आवाजात पोचली, तर पाचही खंड तिचे. नाही पोचली, तर दुसरी बाई रांगेत उभी होती आणि त्या बाईच्या घरात म्हणे पंखासुद्धा वाजत नव्हता. दोन वर्षांनी कुणीतरी तिच्याकडे काहीतरी मागितलं होतं. ते तिला द्यायचं होतं, एवढीच गोष्ट.

वरच्या मजल्यावर एक अडगळीची खोली होती. धाकटीने तिच्या भिंतींना गाद्या आणि जुन्या रजया टांगल्या, मधे टेबल ठेवलं, त्यावर माइक. खोली झकास झाली. फक्त तिच्या डोक्यावरून डक्ट जात होता. एसी चालू असला की डक्टमधून आधी एक उसासा यायचा, मग पत्र्यावर कुणी बोटं वाजवल्यासारखी टकटक, आणि मधूनच, खास शांत जागा बघून, एक दीर्घ कण्हणं. पहिलं प्रकरण पाठवलं तेव्हा कंपनीच्या रेकॉर्डिस्टचा फोन आला. तो सभ्य माणूस होता. त्याने आधी वाचनाचं कौतुक केलं आणि मग विचारलं की आजोबा गेल्यानंतरच्या प्रसंगात मागे कण्हणारं कोण आहे, कारण आजोबा तर लेखकाच्या मते दोन पानं आधीच शांत झालेत.

मग एसी बंद करून वाचायचं. पण बटण खाली. रोज दुपारी धाकटीने जिना उतरायचा, मोठ्या जावेला विचारायचं आणि बटण बंद करायचं. मोठी जाऊ कधी नाही म्हणाली नाही. ती शेंगा सोलता सोलता फक्त विचारायची, "सोसत नसेल तर मोकळेपणाने सांग गं. नवीन हवा असेल तर तसं म्हण. आपल्या घरात आपण का लाजायचं?" धाकटी हसून म्हणायची, "छे हो ताई, मला तर हा आवडतो." आणि वर जाऊन, एसी बंद झाल्यामुळे सगळ्या घराने सताड उघडलेल्या खिडक्यांतून आत येणारे आवाज ऐकत बसायची: उलटा मागे येणारा ट्रक, कुणाचा तरी ड्रिल, समोरच्या गच्चीतला कुत्रा. दुसऱ्या खेपेला रेकॉर्डिस्टने कुत्र्याची चौकशी केली.

थोडक्यात, एसी चालू असला तर एसीचा आवाज, बंद असला तर अख्ख्या गल्लीचा. तिला एक न वाजणारा एसी हवा होता. आणि तो मागायची त्या घरात एकट्या तिलाच नव्हे, कुणालाच सोय नव्हती.

कारण दोघे भाऊ ऐन रंगात आले होते. थोरला मनगटापर्यंत बटणं लावलेला फुल बाह्यांचा शर्ट घालून संध्याकाळी वर यायचा, धाकट्याच्या सोफ्यावर बसायचा आणि हवा काय छान आहे म्हणायचा. मानेवरून घामाची धार कॉलरमध्ये उतरत असायची. धाकटा त्यावर अंगावर पांघरूण ओढून म्हणायचा की पहाटे तर त्याला चक्क गारठल्यासारखं होतं. एकदा त्याने खरोखर जेवताना स्वेटर घातला. थोरला बराच वेळ त्या स्वेटरकडे बघत राहिला आणि दुसऱ्या दिवशी गळ्याला मफलर गुंडाळून आला. मोठी जाऊ आणि धाकटी एकमेकींच्या नजरा टाळत होत्या, कारण नजरानजर झाली असती तर दोघींनाही हसू आवरलं नसतं, आणि मग कोण आधी हसली यावरून नवीन भांडण उभं राहिलं असतं.

महिन्याच्या मध्यावर एसी बंद पडला. या वेळी तो धड बंदही पडला नाही. तो गरम हवा फेकायला लागला.

मेकॅनिक आला. गच्चीवर दोघे भाऊ त्याच्या दोन बाजूंना उभे. त्याने खोकं उघडलं आणि आत डोकं घातलं. पंख्याची मोटर जळली होती, आणि तसली मोटर आता कुणी बनवतही नव्हतं. त्याने दोघांच्या तोंडाकडे बघितलं. थोरला आभाळ न्याहाळत होता, धाकटा चप्पल. मेकॅनिकला त्या क्षणी खरं बोलायचा मोह झाला असावा. पण त्याचा स्वतःचा हिशेबही पक्का होता. तो म्हणाला, "याच वयाचं एक मशीन मोडीत निघालंय माझ्या ओळखीत. त्याची मोटर काढून आणतो. आगाऊ पैसे लागतील."

दोघांनी निम्मे-निम्मे पैसे इतक्या तत्परतेने काढून दिले की मेकॅनिकने नंतर मोठ्या जावेला हळूच विचारलं, यांचं बरं चाललंय ना.

मोटर काही येईना. आज आणतो, परवा आणतो, त्या मशीनचा मालक गावाला गेलाय. घर भट्टीसारखं तापलं. आणि त्यातच सासूबाईंचा मुक्काम हलवायचा दिवस आला.

सासूबाई एक महिना खाली राहायच्या आणि एक महिना वर. त्या दिवशी त्या पिशवी घेऊन जिना चढत होत्या. पिशवी धाकट्याच्या हातात, मागून थोरला आधार द्यायला. मधल्या वळणावर त्या थांबल्या, कठड्याला टेकल्या, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "अरे, एवढं उकडतंय. घ्या की एक नवीन मशीन. कसली वाट बघताय?"

जिन्यात जणू फटाका फुटला, फक्त आवाज न करता. दोघांचेही चेहरे उजळले. शेवटी कुणीतरी म्हणालं होतं. मग दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं की ते कुणाच्या खात्यात घालायचं, ते ठरलेलं नाही.

थोरल्याचं म्हणणं असं की आई खालून निघाली होती, म्हणजे खालचा मुक्काम संपला होता. ती आता वरच्यांची. तेव्हा बोलली ती वरच्यांच्या वतीने. धाकट्याचं म्हणणं असं की वरचा उंबरा ओलांडेपर्यंत ती खालचीच, सकाळचा चहासुद्धा खाली प्याली. थोरल्याने विचारलं की पिशवी कुणाच्या हातात होती. धाकट्याने विचारलं की आधार कोण देत होता. मोठी जाऊ खालून आणि धाकटी वरून, दोघी आपापल्या दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. सासूबाई मधल्या वळणावर तशाच टेकलेल्या. बराच खल झाल्यावर दोघांचं एकमत झालं. त्या महिन्यातलं ते एकमेव एकमत: जिन्यात बोललेलं धरायचं नाही.

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "बरं. मग उद्या मी जिन्यात पडले, तर दवाखान्याचं बिल कुणी भरायचं तेही आत्ताच ठरवून ठेवा. आणि पिशवी आण इकडे. माझी मी चढते."

त्या दुपारी धाकटीने नवऱ्याला अडगळीच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि गाद्या टांगलेल्या त्या कोंदट खोलीत त्याच्यासमोर उभी राहिली.

"महिना संपायला आठवडा राहिला," ती म्हणाली. "माझं एक प्रकरण धड झालेलं नाही. तुम्ही म्हणून टाका ना, नवीन घेऊ."

"अगं, म्हटलं असतं. पैशाचा प्रश्नच नाही."

"पैशाचा नाही?"

"पैसे केव्हाचे बाजूला काढून ठेवलेत मी. बँकेत आहेत, व्याज चालू आहे." तो हे जरा फुशारकीनेच म्हणाला. "पण मी म्हटलं की दादा जिंकला. जन्मभर ऐकवेल. आणि तो आता वाकायला आलाय, तू बघच. काल बोलता बोलता मफलर सोडला त्याने. दोन-चार दिवस कळ काढ."

ज्या माणसाबरोबर आपण संसार केला त्याच्याकडे एसीचे पैसे आहेत, एसीची गरज आहे, आणि मधे फक्त एका मफलरचा अडसर आहे, हे तिला पचायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "बरं." या घरातलं "बरं" म्हणजे काय, हे धाकट्याला सकाळी जिन्यात कळायला हवं होतं. पण तो थोरल्याच्या मफलरच्या विचारात होता.

शाळेच्या दिवसांत शिकवण्या घेऊन धाकटीने स्वतःचे काही पैसे साठवले होते. ते चांगल्या माइकसाठी होते. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली आणि एका खोलीपुरता छोटा एसी विकत घेतला. तो संध्याकाळी घरी आला आणि जेवणाच्या टेबलावर सगळे असताना तिने जाहीर केलं, "मला नवीन हवा होता. मी घेतला. माझ्या खोलीपुरता, माझ्या पैशांनी."

थोरल्याने घसा साफ केला. वरच्या मजल्याने 'नवीन' म्हटलंय, तेव्हा नियमाप्रमाणे अख्ख्या घराचा एसी आता वरच्यांनी बघायचा, असं त्याने मांडून पाहिलं. धाकटा उसळला. खोली म्हणजे घर नव्हे, आणि बायको म्हणजे तो नव्हे. नियम दोन मुलांना सांगितला होता, सुनांचा त्यात उल्लेखच नव्हता. थोरला विचारात पडला. सुनांचा उल्लेख नव्हता, हे खरं होतं. बाबांनी सुनांना कसलाच हक्क दिला नव्हता, तेव्हा त्यांना चुकायचाही हक्क नव्हता. धाकटीचं बोलणंही जिन्याच्या सदरात टाकण्यात आलं.

छोटा एसी बसवायला आला तोच मेकॅनिक. मोटर कुठाय विचारल्यावर येतेय म्हणाला, आणि बसवायची मजुरी रोख घेऊन गेला.

पण एसी खरंच वाजत नव्हता. धाकटीने दार लावलं, खिडकी लावली, एसीच्या पांढऱ्या झडपेतून गार हवा खाली उतरली, आणि पहिलं प्रकरण तिने एका बैठकीत वाचून काढलं. चूक झाली की एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर कापायची जागा सापडते, अशी त्या कामाची रीत. तिच्या त्या दिवशी मोजक्याच टाळ्या झाल्या. आजोबा शांतपणे मेले. मागे कुणी कण्हलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. सासूबाई. बाहेर जीव घुसमटतोय, जरा पाठ टेकते, तू वाच, मी काही बोलत नाही. म्हाताऱ्या माणसाला उकाड्यात परत पाठवायचं कसं? धाकटीने कोपऱ्यात गादी घातली. थोड्या वेळाने मोठी जाऊ आली, सासूबाईंना पाणी द्यायला. पाणी देऊन ती शेंगांची परात घेऊन बसली आणि अगदी हळू, एकेक शेंग कानाशी न्यावी तशी, सोलू लागली. मग थोरला आला, आईची तब्येत बघायला, वर्तमानपत्रासकट. थोरला आलेला बघून धाकटाही कामावरून लवकर आला, कारण आईची तब्येत एकट्या थोरल्याने बघणं बरं दिसलं नसतं.

सगळ्यांनी वचन दिलं की हूं की चूं करणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते पाळायचा प्रयत्न केला. वर्तमानपत्राचं पान उलटताना थोरला श्वास रोखायचा, आणि मग तो श्वास सोडायचा. ते माइकला छान ऐकू जायचं. धाकट्याचं पोट गुरगुरायचं. दुसऱ्या प्रकरणात सून माहेर सोडून येते तो हळवा परिच्छेद चालू होता, खोलीत टाचणी पडली तर ऐकू आलं असतं, आणि गादीवरून सासूबाई डोळे मिटलेल्या अवस्थेत म्हणाल्या, "येऊ नकोस बाई, पस्तावशील."

रेकॉर्डिस्टने हे ऐकून फोनवर विचारलं की हे वाक्य मूळ पुस्तकात त्याला सापडत नाहीये, पण आवाज छान आहे, या बाई कोण?

धाकटीने त्यांना बाहेर जायला सांगून पाहिलं. भाऊ लगेच उठले, मनापासून माफी मागितली, आणि थोड्या वेळाने आईची औषधं घेऊन परत आले. कडी लावावी तर सासूबाई आत. सासूबाईंना खाली पाठवावं तर तिथे भट्टी. तीन दिवसांत खोलीत दोन खुर्च्या, एक स्टूल आणि पाण्याचा माठ आला. भाऊ तर भलतेच खूश दिसू लागले. मफलर गेला, स्वेटर गेला. थोरल्याने चारचौघांत सांगितलं की एवढीशी खोली गार ठेवण्यात किती शहाणपण आहे, उगाच अख्खं घर कशाला थंड करायचं. मोटर आली की नाही, हे कुणी विचारेनासं झालं.

महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा धाकटीने माइक उचलला, लॅपटॉप उचलला, भिंतीवरच्या दोन रजया काढल्या आणि ती जिना उतरून खाली गेली. खालचा मजला रिकामा होता. सगळे वर तिच्या खोलीत होते. गच्चीवरचा एसी मेलेला, डक्ट गप्प, पंखे बंद, माणूस नाही. घरात इतकी शांतता तिने लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली. थोरल्याच्या झोपायच्या खोलीत तिने सगळ्या खिडक्या लावल्या, फटींत टॉवेल कोंबले, कपाटाच्या दारांवर रजया टाकल्या, मानेवर ओला पंचा घेतला आणि वाचायला बसली.

आत किती तापलं असेल, ते सांगून उपयोग नाही. घाम हनुवटीवरून टेबलावर पडायचा, तो आवाज येऊ नये म्हणून तिने खाली नॅपकिन पसरला होता. तिने दुसरं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्याच्या शेवटाशी ती आली, आणि दार उघडलं. थोरला चष्मा न्यायला खाली आला होता.

त्याने आधी टॉवेल कोंबलेली खिडकी बघितली, मग रजया, मग धाकटी. तिचे केस कपाळाला चिकटले होते, चेहरा लालबुंद, अंगावरची साडी खांद्यापर्यंत भिजलेली. तो दारातच थांबला.

"अगं, इथे कशाला? वर बस की. वर गार आहे."

"वर जागा नाही, भाऊजी."

ती हे टोमणा म्हणून म्हणाली नाही. तिच्यात टोमणा मारायचं त्राण नव्हतं. आणि म्हणूनच ते लागायला नको तिथे जाऊन लागलं असावं. थोरल्याने चष्मा उचलला, पण तो निघाला नाही. तो स्वभावाने वाईट नव्हता. फक्त हिशेबी होता, आणि आपल्या हिशेबात ही बाई कुठेच धरलेली नाही, हे त्याला तिथे उभं राहून, त्याच उकाड्यात, स्वतःच्याच खोलीत समजत होतं. त्याने कपाळ पुसलं. मग नजर खाली करून, अगदी हळू म्हणाला, "हे काही बरोबर नाही. मग आपण एक नवीन..."

तो थांबला. टेबलावरच्या लॅपटॉपवर लाल ठिपका लुकलुकत होता. त्याचा आवाज पडद्यावर हिरव्या रेघांनी उमटला होता, आणि 'नवीन'पाशी रेघ चांगली उंच गेली होती.

थोरल्याचा चेहरा आधी उतरला, मग कडक झाला. "हे चालू आहे?" त्याने विचारलं.

"वाचताना बंद करत नाही," धाकटी म्हणाली. "चुकलं की टाळी वाजवते, मग कापते."

त्याने तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या क्षणी तिला वाक्य पुरं व्हायला हवं होतं हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. दोनच शब्द उरले होते. पण थोरल्याला आता सगळा कट दिसू लागला होता: रिकामा मजला, त्याचीच खोली, भिजलेली भावजय, आणि चालू ठेवलेलं यंत्र. धाकटा एवढा हुशार असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने तोंड मिटलं. मग माइकच्या अगदी जवळ वाकला, घसा साफ केला आणि साक्षीत सांगावं तसं एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, "मी काहीही म्हटलेलं नाही." आणि चष्मा घेऊन वर, गारव्यात, निघून गेला.

धाकटीने दार लावलं. फटीत टॉवेल पुन्हा कोंबला. ते रेकॉर्डिंग तिने नवऱ्याला ऐकवलं असतं तर तो नाचला असता. अर्धवट वाक्य धरायचं की नाही यावर मग दोघे भाऊ आणखी महिनाभर खल करत बसले असते, आणि तेही तिच्या खोलीत. तिने एक टाळी वाजवली आणि परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला. रात्र पडायच्या आत तिन्ही प्रकरणं तिने पाठवली. पाठवण्यापूर्वी थोरल्याची दोन्ही वाक्यं कापून टाकली, म्हटलेलंही आणि न म्हटलेलंही.

पाचही खंड तिला मिळाले. रेकॉर्डिस्टने कळवलं की आवाज एकदम स्वच्छ आहे, फक्त शेवटाकडे जरा थकल्यासारखा वाटतो, पण कथेला ते शोभतं, पुढेही असंच ठेवा.

आता कुणी काय भरलं ते बघू. थोरल्याने आणि धाकट्याने न आलेल्या मोटरचे पैसे भरले, निम्मे-निम्मे. मेकॅनिकने काहीच भरलं नाही. सासूबाईंनी काही भरायचा प्रश्न नव्हता, त्यांना फक्त खोलीतला कोपरा मिळाला. वरच्या मजल्याचं वाढलेलं वीजबिल धाकट्याने भरलं आणि ते वाटून घ्यायला थोरला तयार नाही, मीटर वरचं आहे म्हणतो. छोटा एसी धाकटीने घेतला, आणि पाच खंडांपैकी दुसरा खंड सध्या ती खाली वाचतेय, खिडक्या लावून. तिच्या कमाईतून नवा माइक घ्यावा की खालच्या खोलीतही एक छोटा एसी बसवावा, याचा ती विचार करतेय. बसवलाच तर पैसे कोण भरणार, हे घरात कुणी विचारलेलं नाही.